बोक्याच्या पोटाचा रंग

यूसुफ मणिकू चहात साखर घालत नसे. साखरेचा चमचा आधी तोंडात रिकामा करायचा आणि मग वरून कोरा चहा प्यायचा. त्यामुळे आरोग्य केंद्रातल्या नर्सला शपथेवर सांगता यायचं, की चहा बिनसाखरेचा घेतो.

चपला त्याच्याकडे होत्या. हातात असायच्या.

बोलताना तो माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. पायांकडे बघायचा. कोण आलं ते पावलांवरून बरोबर ओळखायचा. तोंड बघितलं तर मात्र कधी कधी चुकायचा.

सुपारी सतत तोंडात. पण थुंकायला समुद्रापर्यंत चालत जायचा. धुतलेल्या डेकवर कुणी थुंकलं तर त्याच्या चार पिढ्यांचा उद्धार करायचा. त्यातल्या दोन त्याच्या स्वतःच्याच निघायच्या, कारण मालदीवमधलं हे देलाफुशी बेट एवढंसं आहे.

वारा कुठून येतोय असं विचारलं तर बोट ओलं करून वर धरायचा, डोळे मिटायचा, आणि सकाळी रेडिओवर ऐकलेलं सांगायचा.

एकाच बाईशी त्यानं दोनदा लग्न केलं होतं. दोनदा तलाकही झाला होता. तरी रोज दुपारी तिच्याच अंगणातल्या झोपाळ्यावर झोपायचा. तिची तक्रार एवढीच, की घोरतो.

आणि एक बोका होता. राखाडी-पिवळट, एक कान फाटका. त्याला तो काझी म्हणायचा. दोन्ही तलाक खऱ्या काझीसमोर झाले होते. यूसुफचं म्हणणं, त्या काझीपेक्षा हा बरा. फी मासळीत घेतो आणि उपदेश करत नाही.

देलाफुशीत बोटी बांधतात. दुसरं फारसं काही करत नाहीत. किनाऱ्यावर पत्र्याच्या तीन शेड, आणि तिन्ही अफीफ मिस्त्रीच्या. यूसुफ त्याच्याकडे सुतार म्हणून लागला होता. सुतार तो बेताचाच. फळी सरळ काप म्हटलं तर लाटेसारखी कापायचा आणि वर म्हणायचा, समुद्रात कुठं काय सरळ असतं. अफीफ त्याला केव्हाच हाकलणार होता. पायांमुळे वाचला.

डेक लाकडाचं होतं तोवर रंगाचा प्रश्नच नव्हता. लाकूड तापायचं, पण शेजाऱ्यासारखं, हळूहळू. मग फायबर आलं. त्यावर रंग आला. रंगाबरोबर राजधानी मालेहून छापील कार्डं आली. एका कार्डावर साठ छटा. लोक ती कार्डं घरात, पंख्याखाली बसून बघायचे आणि बोट ठेवायचे ते निळ्यावर. समुद्र निळा, आभाळ निळं, डेकही निळं असलं म्हणजे कसं बरं दिसेल.

बरं दिसायचं. पण आमच्याकडे बोटीवर चपला घालत नाहीत. चढायच्या जागी टोपली असते, तिच्यात सगळ्यांनी टाकायच्या. पाहुणा असो, शाळेचा हेडमास्तर असो. मग पुढचा दीड तास, दुपारच्या उन्हात, अनवाणी.

तीस-एक वर्षांपूर्वी मालेच्या एका व्यापाऱ्यानं अफीफच्या बापाकडून मोठी बोट बांधून घेतली. डेक गडद निळं. पहिल्या फेरीला बेटावरची चाळीस माणसं बोलावली, भर बाराला. माणसं चढली. सगळ्यांचे तळवे चटकले. कुणी हूं की चूं केलं नाही. व्यापाऱ्याचं मीठ खायचं होतं. चाळीस माणसं या पायावरून त्या पायावर, तोंडावर हसू ठेवून, जागच्या जागी नाचत होती. यूसुफ तेव्हा तिशीचा. तो तीन पावलं चालला, मोठ्यानं ओरडला आणि कपड्यांसकट समुद्रात उडी मारली. पाण्यातून डोकं वर काढून म्हणाला, "यात मासे तळा आणि माणसं पोहत न्या."

डेक खरवडून परत रंगवावं लागलं. त्या दिवसापासून यूसुफच्या पायांना मान आला. लोक त्याला यूसुफबे म्हणू लागले. बे म्हणजे दादा. तोवर नुसता यूसुफ होता.

रीत ठरून गेली. बोट रंगवायच्या आधी नमुन्याच्या फळ्या सकाळपासून उन्हात ठेवायच्या. दीड वाजता यूसुफबे येणार. चपला हातात, लुंगी घोट्याच्या वर. एकेका फळीवर उभा राहणार, तोंड वाकडं करणार, निकाल देणार. त्याचे निकाल सगळ्या बेटाला पाठ होते. काळा, निळा, तपकिरी हे रंग प्रवाशांचा राग असेल तर लावावेत. पांढरा पायाला थंड, पण डोळ्याला चाबूक. सुकाणू धरणाऱ्याला दुपारी दोन सूर्य दिसतात, एक वर आणि एक खाली. शिवाय माशाचं रक्त आणि सुपारीचा डाग पांढऱ्यावर असे उठतात, की बोटीवर खून झाल्यासारखा वाटतो. हिरव्यावर उभं राहिलं की दवाखान्यात आल्यासारखं होतं. आणि राखाडीचा भरवसा नाही. राखाडी म्हणजे राजकारणी माणूस, फिका आहे की गडद हे पाय ठेवल्यावरच कळतं.

दोन वर्षांपूर्वी त्याचे पाय मुके झाले.

कळलं तेही बोक्यामुळे. यूसुफ झोपाळ्यावर पडला होता आणि काझी त्याचा तळवा चाटत होता. चाटू दे म्हणून यूसुफ पडून राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, की गुदगुल्या होत नाहीत. तळवा वळवून बघितला तर त्यात समुद्री साळूचा काटा, बोटाच्या पेराएवढा, तीन-चार दिवसांचा जुना. नर्सनं काटा काढला, पायाशी सुई धरून विचारलं, इथे कळतं? इथे? यूसुफ प्रत्येक वेळी हो म्हणाला. ती म्हणाली, "यूसुफबे, मी अजून टोचलेलं नाही."

साखर, ती म्हणाली. पायाला जपा, चपला घाला. त्यानं घातल्या. आरोग्य केंद्राच्या फाटकापर्यंत.

कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. त्याची सगळी अब्रू घोट्याच्या खाली होती. वर काय होतं? एक बेताचा सुतार, दोन तलाक आणि एक फाटका बोका.

मग त्यानं काझीला कामाला लावलं. बारा वाजता शेड रिकामी व्हायची, सगळे घरी जेवायला जायचे. तेव्हा फळ्यांच्या टोकाला माशाचा तुकडा ठेवायचा आणि बोक्याला सोडायचा. थंड फळीवर काझी वरात निघाल्यासारखा चालायचा. गरम फळीवर पंजे झटकायचा. फार गरम असली तर वाळूतून वळसा घालायचा. दीड वाजता यूसुफ तोच निकाल आपल्या पायांनी सांगायचा. अकरा बोटी अशा पास झाल्या. चुका मात्र झाल्या. जेट्टीला गडद राखाडी रंग लागला, कारण त्या दिवशी बोका दोन दिवसांचा उपाशी होता आणि माशासाठी निखाऱ्यावरूनही चालला असता.

दुपारच्या जेट्टीवर लोक धावू लागले. पण बोललं कुणी नाही. यूसुफबेनं पास केलंय म्हटल्यावर आपलेच पाय नाजूक. म्हातारी माणसं म्हणू लागली, चपला घालून घालून नव्या पिढीचे तळवे लोण्याचे झालेत. म्हणता म्हणता तीही धावत असत.

अशात हव्वाची बोट बांधायला आली.

हव्वा म्हणजे तीच, दोन लग्नांची. मधल्या काळात तिचं आणखी एक लग्न झालं होतं, त्यातली एक मुलगी होती. बावीस वर्षं तिनं रिहाकुरू आटवला. माशाचं पाणी दिवसभर चुलीवर आटवत आटवत काळपट तपकिरी, चिकट लगदा होतो तो. रोशीला, म्हणजे चपातीला, लावून खातात. तिच्या बरण्या मालेपर्यंत जात. धाकटे तिला हव्वादत्ता म्हणत, म्हणजे ताई. यूसुफ नुसतं हव्वा म्हणायचा, आणि तेही चहा हवा असेल तेव्हा.

तिला बोट हवी होती ती मोठ्या बेटावरच्या इस्पितळापर्यंत. दीड तास उघडा समुद्र. सहा वर्षांपूर्वी तिनं आईला त्याच वाटेनं नेलं होतं, मागून आणलेल्या मासेमारीच्या बोटीतून. आईला डेकवर निजवलं, खाली एक चादर. वाटेत आई काहीच बोलली नाही. तिला बोलताच येत नव्हतं. पाठीवरचे फोड हव्वानं इस्पितळात पाहिले.

ती झोपाळ्याशी आली आणि यूसुफला उठवलं.

"डेकचा रंग तू ठरव," ती म्हणाली. "पण नीट ठरव. त्यावर आजारी माणूस आडवा पडणार आहे. त्याला तुझ्यासारखी उडी मारता येत नाही."

खरं सांगायची वेळ हीच होती, हे यूसुफला कळत होतं. त्यानं तोंड उघडलं. त्यात साखर टाकली. दुसऱ्या दिवशी परत उघडलं, परत साखर. तिसऱ्या दिवशी डबाच संपला आणि हव्वानं विचारलं, काही सांगायचंय का? तो म्हणाला, साखर आण.

चौथ्या दिवशी तिचा जावई आला. त्याचं नाव रायफ. मालेत मोबाइलच्या दुकानात होता, पायात बंद बूट घालायचा. सोबत रंगाचा डबा. गडद कॉफी. डब्यावर सूर्याचं चित्र आणि त्यावर आडवी फुली. हा रंग तापतच नाही म्हणे, नवीन शोध आहे. पर्यटकांच्या बोटींना हल्ली हाच लावतात. यूसुफनं झाकण उघडून बघितलं.

"हा तर रिहाकुरू आहे," तो म्हणाला.

"तेच तर," रायफ म्हणाला. "आईंची ओळख."

"चाळीस लोकांना त्यात शिजवणार का?"

हव्वा हसली नाही. ती म्हणाली, तापत नसेल तर मला रिहाकुरू चालेल, शेणही चालेल. फळी ठेव, यूसुफ उभा राहील.

पाऊस संपून तीन महिने झाले होते. हवेत पाण्याचा थेंब नाही. वाळूसुद्धा दुपारी डोळे मिचकावते असे दिवस. सकाळी नऊला अफीफनं हव्वाच्या बोटीशेजारी चार फळ्या मांडल्या. पांढरी, वाळूच्या रंगाची, राखाडी आणि बोटीला अगदी लागून कॉफी. बोट पूर्वेला, फळ्या पश्चिमेला. याकडे कुणी लक्ष दिलं नाही. द्यायचं कारणही नव्हतं.

बाराला शेड रिकामी झाली. यूसुफनं मासा ठेवला, बोक्याला सोडला. काझी पांढऱ्यावरून गेला, वाळूवरून गेला, राखाडीवर एक पंजा झटकला. कॉफीवर आला आणि थांबला. मग तिथंच बसला. शेपटी गुंडाळली, मागचा पाय आभाळाकडे केला आणि स्वतःला चाटू लागला. मासा विसरला.

यूसुफ बघतच राहिला. तीस वर्षं जे बोलत आलो ते खोटं? पण बोका खोटं कशाला बोलेल. शास्त्र पुढे गेलं असेल. त्याला थोडं वाईट वाटलं आणि बरंच हायसं वाटलं. जावई खूश, हव्वा खूश, आणि आपल्याला काही सांगावं लागत नाही.

बोक्याचं चुकलं नव्हतं. चूक सावलीची होती. बोटीचं पोट बाहेर फुगलेलं असतं. सकाळभर त्या पोटाची सावली कॉफीच्या फळीवर होती. बारानंतर ती सरकत सरकत निघून गेली आणि मग दीड वाजेपर्यंत ऊन थेट फळीवर पडलं.

दीडला सगळे जमले. शेडमधले आठ-दहा सुतार, अफीफ, मोबाइल उभा धरलेला जावई. हव्वा चुलीवरून तशीच आली होती, हाताला माशाचा वास. यूसुफनं लुंगी वर घेतली. पांढऱ्यावर उभा राहिला. थंड, म्हणाला, पण डोळे जातील. वाळूचा बरा म्हणाला. राखाडीवर तोंड वाकडं केलं.

मग कॉफीवर चढला.

इतर फळ्यांवर तो क्षणभर उभा राहायचा. इथे मात्र थांबला. तीस वर्षांचा निकाल फिरवायचा होता, घाईनं कसा फिरवणार. तो बोलू लागला. तपकिरी रंगाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, म्हणाला, आज परत घेतो. माणसानं नव्याला नाक मुरडू नये. रायफचं कौतुक केलं. रायफनं मोबाइल आणखी जवळ आणला. अफीफला जरा शंका आली. त्याचा हात फळीकडे गेलाही होता. मग त्यानं तो मागे घेतला. यूसुफबे उभा असताना फळीला हात लावून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर खोटा म्हणण्यासारखं.

हव्वा त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. दोन लग्नांत ती त्याच्याकडून एक गोष्ट शिकली होती. ती पाय बघत होती. माणूस कुठल्याही फळीवर उभा राहिला तरी त्याची बोटं थोडी हलतात. पकडतात, सोडतात. यूसुफची दहाच्या दहा बोटं दुकानातल्या पुतळ्यासारखी गप्प होती.

ती पुढे झाली आणि त्याच्या शेजारी फळीवर एक पाय ठेवला. लगेच उचलला. त्या वेळी ती जे बोलली ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अफीफनं उगाचच हातोडा आपटला.

"यूसुफ, खाली उतर."

"का? थंड तर आहे."

"उतर मेल्या. जळतोयस."

तो उतरला नाही. त्याला समजलंच नाही. तिनं दंड धरून त्याला वाळूत ओढला. फळीवर दोन ओली पावलं उमटली होती. पाण्याची नव्हती.

रायफनं मोबाइल खिशात घातला. आधी स्वतःचे बूट काढले आणि मग, का कोण जाणे, परत घातले. यूसुफ वाळूत बसून स्वतःचे तळवे बघत होता, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे.

नर्स आली, पाय धुतले, पट्ट्या बांधल्या. मोठ्या बेटावर जा म्हणाली. उद्या जातो म्हणाला. सगळे पांगल्यावर हव्वानं विचारलं, कधीपासून?

"दोन वर्षं."

"आणि त्या अकरा बोटी?"

त्यानं बोक्याकडे बोट दाखवलं.

तिला आधी राग आला. मग तिनं बोक्याकडे बघितलं. तो पुन्हा मागचा पाय वर करून बसला होता. तिला हसू फुटलं आणि ते थांबेना. डोक्यावरचा कपडा खांद्यावर आला. हसणं संपल्यावर तिनं सांगितलं, तू कॉफी पास केली असतीस. मी तुझ्या शब्दावर लावली असती. कुणाची तरी आई त्यावर निजली असती. एवढं बोलून ती चुलीकडे निघून गेली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. लग्नात असतानाचा विक्रम तीन दिवसांचा होता.

बातमी बेटभर व्हायला नमाजाची एक वेळ पुरली. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं एकेक करत जेट्टीवर आली, उभी राहिली आणि मोकळेपणानं ओरडली. दोन वर्षांनी देलाफुशीच्या तळव्यांना वाचा फुटली. यूसुफला वाटलं होतं, लोक दगड मारतील. लोक हसले. एका म्हातारीनं तर काझीसाठी मासा पाठवला, तुझा मान पोचला म्हणून.

तिसऱ्या दिवशी हव्वा बोलली. मालेला जाऊन पाय दाखव, मग बघू. तो म्हणाला, आधी रंग. यावर दोघांचं भांडण झालं. दोघांच्या सवयीचं, चहा गार होईपर्यंतचं. शेवटी ठरलं ते असं. डोळे यूसुफचे, पाय हव्वाचे.

तो जाळीच्या खुर्चीत बसला, पट्टीचे पाय उलट्या टोपलीवर. पुढ्यात तीन डबे. पांढरा, राखाडी, पिवळा. एका डब्यात कालवायचा, फळीवर ओढायचा, वर पकड यावी म्हणून बारीक वाळू भुरभुरायचा. दुपारी हव्वा त्यावर उभी राहायची.

"किती?" तो विचारायचा.

तिच्याकडे तिची मापं होती. तव्यावरून काढलेली रोशी. निवत आलेली गरुदिया, म्हणजे माशाचं सार. शेजारणीचा टोमणा, म्हणजे लागतो पण सोसतो. एका गडद फळीवरून तिनं टुणकन उडी मारली आणि म्हणाली, "आपलं पहिलं लग्न."

"आणि दुसरं?"

तिनं पांढऱ्या फळीकडे बोट केलं. "थंड. पण बघवत नव्हतं."

यूसुफच्या मनात वाळूपेक्षा किंचित मातकट काहीतरी होतं. डोळ्यात घुसणार नाही इतकं दबलेलं, तळव्याला कळणार नाही इतकं फिकं. कार्डावर तसली छटा नव्हती. सात फळ्या झाल्या, आठ झाल्या. नवव्या दिवशी काझी येऊन त्याच्या पुढ्यात आडवा झाला, उताणा, पोट वर. यूसुफ बराच वेळ बघत राहिला. मग पांढऱ्यात राखाडी ओतला, पिवळ्यात काडी बुडवून दोन थेंब झटकले, थोडं ढवळलं, काडी बोक्याच्या पोटाशी धरली. आणखी एक थेंब.

त्या फळीवर हव्वा दीड वाजता उभी राहिली आणि उतरेनाच. मग खाली बसली. मग डोक्यावरचा कपडा सारखा करून फळीवर सपाट आडवी झाली, पाठ टेकवून, आई निजली होती तशी. सुतारांनी माना फिरवल्या. ती खूप वेळ तशीच पडून राहिली.

"हाच," म्हणाली.

यूसुफनं त्याच वेळी विचारलं. वेळ बघून विचारायची त्याला कधीच सवय नव्हती. तिसऱ्यांदा करायचं का?

"आधी रंग वाळू दे," ती म्हणाली आणि पाठ झटकत उठली.

अफीफनं रंगाचं माप वहीत लिहायला मागितलं. किती पांढरा, किती राखाडी. यूसुफ म्हणाला, माप कसलं, बोका आहे ना. रंग तो बसूनच लावायचा. पाय पोत्यावर, कुल्ल्यावर सरकत सरकत, मागच्या टोकापासून नाकाकडे. अफीफची माणसं मदतीला येत तर त्यांना हाकलायचा. ब्रश एका दिशेनं जायला हवा म्हणे. ज्याला फळी सरळ कापता आली नाही, त्याचा ब्रश मात्र सुतात चालला. रंग पुरेल तेवढाच कालवायचा, संपला की परत, दर वेळी बोक्याला उताणा करून. डेकवर एकही सांधा दिसत नाही. कुठला रंग कुठल्या दिवसाचा ते ओळखता येत नाही.

पाय बरे होत नव्हते. पट्टीला वास येऊ लागला होता. तो माशाचा आहे असं यूसुफ सांगायचा, आणि देलाफुशीत हे कुणालाही खरं वाटलं असतं. सातव्या दिवशी दुपारी नाकाकडचे तीन हात उरले होते. तिथं नुसतं रंगाखालचं अस्तर होतं, गडद राखाडी. यूसुफ थांबला. डोकं गरगरतंय म्हणाला, ताप असेल. ब्रश डब्यात उभा ठेवला. एवढं संध्याकाळी पुरं करतो, असं अफीफला सांगितलं आणि झोपाळ्याकडे निघाला. हव्वानं त्याला झोपाळ्यापर्यंत जाऊच दिलं नाही. तिथूनच स्पीडबोटीत घातला आणि मालेला नेला.

डॉक्टर म्हणाले, उजवा पाय घोट्यापासून काढावा लागेल. यूसुफ म्हणाला, काढा, दोन वर्षं कामावर येत नाही तो. शस्त्रक्रिया चांगली झाली. पाचव्या दिवशी उशीला टेकून त्यानं चहा मागितला, बिनसाखरेचा. नर्स वळल्यावर उशीखालची साखरेची पुडी काढली. चहा पिऊन झाला, कप नीट ठेवला आणि गेला. हृदय बंद पडलं. डॉक्टरांच्या मते त्याचा पायाशी काही संबंध नव्हता. एकसष्ट वर्षांचा होता. सगळ्यांना वाटायचं सत्तरीचा असेल, कारण तो स्वतःच तसं सांगायचा. म्हाताऱ्यांना बोटीत आधी जागा मिळते.

हव्वानं त्याच्या चपला परत आणल्या. दोन्ही.

बोट पाण्यात गेली. इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. आतापर्यंत त्या डेकवर बरीच माणसं आडवी पडून गेली. एक बाई तर वाटेतच बाळंत झाली, पोर डेकवरच पहिलं निजलं, रडलं नाही.

नाकाकडचे तीन हात तेवढे राहिले. अफीफनं तेच तीन डबे घेऊन प्रयत्न केला. काझीला धरायला गेला तर काझीनं त्याचं मनगट फाडलं. यूसुफशिवाय कुणापुढे तो उताणा होतच नाही. रायफ डेकचा फोटो मालेला घेऊन गेला, तिथल्या यंत्रानं रंग जुळवून दिला. तो लावल्यावर गुलाबी निघाला, लहान पोराच्या गालासारखा. हव्वानं खरवडून काढायला लावला. निदान पांढरा तरी मारू का, असं अफीफनं दोनदा विचारलं. ती म्हणाली, राहू दे, तिथं कुणी झोपत नाही. चढताना तेवढं चटकलं की मागच्या डेकची किंमत कळते.

बोटीवर नाकाकडूनच चढतात. लोक टोपलीत चपला टाकतात, समोर तीन हात गडद अस्तर. दुपारच्या फेरीला प्रत्येक जण ते उड्या मारत ओलांडतो आणि ओलांडता ओलांडता यूसुफबेच्या नावानं एक शिवी हासडतो. आजाऱ्याला उचलून मागे नेतात. रंगाचा डबा सुकाणूच्या बाकाखाली आहे. झाकण कुणी लावलं नाही. त्यात ब्रश उभा आहे, रंगासकट वाळलेला.